उजवी काच

एसटीचा ड्रायव्हर नवा चष्मा घालून सासऱ्यांच्या चष्म्यांच्या दुकानातून गेला तेव्हा सून मागे काचा घासत होती. बाहेर आली तर त्याचा जुना चष्मा काउंटरवरच पडलेला. ओरखड्यांनी पार वाट लागली होती त्याची. म्हणूनच तर त्याने तोच नंबर नव्या काचांत करून मागितला होता.

टाकून देण्याआधी तिने तो लेन्सोमीटरवर, नंबर मोजायच्या यंत्रावर, ठेवला. काच हातात आली की नंबर बघायचाच, ही सवय तिला सासऱ्यांनीच लावली होती. डावी काच ठीक होती. उजवीला हिरव्या रेघा पसरट दिसल्या. काच कोणत्या कोनात बसवायची ते दाखवणारी चकती एकशे साठवर होती, सासऱ्यांनी सोडली तशीच. तिने ती हळूहळू फिरवली. वीसवर रेघा सुईसारख्या बारीक झाल्या.

नवी काच एकशे साठवर बसवली असेल, तर ती चुकली होती.

"बाबा, त्या ड्रायव्हरकाकांच्या उजव्या काचेचा कोन किती धरलात?"

"एकशे साठ." म्हाताऱ्याने वर्तमानपत्रातून मान वर केली नाही.

"इथे वीस येतोय."

"नीट बघ."

तिने नीट बघितलं. मग त्यांना उठवून स्टुलावर बसवलं. त्यांनी भिंगाला डोळा लावला, चकती फिरवली, थांबले, पुन्हा फिरवली. "हे काय. एकशे साठच. लख्ख दिसतंय."

तिने वाकून बघितलं. रेघा पार विरून नुसतं धुरकट दूध झालं होतं.

अख्ख्या बाजाराला चष्मे देणारा हा माणूस. त्याच्या तोंडावर कसं सांगायचं?

"बाबा, त्यांची गाडी घाटातली आहे," ती एवढंच म्हणाली.

म्हातारा स्टुलावरून उठला. मग हळूच म्हणाला, "रस्ता कलंडल्यासारखा वाटतो म्हणत होता. मी म्हटलं, दोन दिवसांत सवय होईल."

ड्रायव्हरचा फोन वाजून वाजून बंद झाला. सुनेने जुना चष्मा मुठीत धरला, अर्धं शटर ओढलं आणि आगाराकडे पळत सुटली. मागे वळून बघायला वेळ नव्हता, पण सासऱ्यांच्या चपलांचा आवाज येत होता.

घाटाची गाडी भरली होती, इंजिन सुरू होतं. कंट्रोलरने शिट्टी तोंडाला लावलेली.

"थांबवा जरा," ती धापा टाकत म्हणाली. "ड्रायव्हरकाकांच्या चष्म्यात चूक झालीय."

"बाई, चष्म्यासाठी कुणी गाडी थांबवतं का? संध्याकाळी या."

गाडी हलली. आणि म्हातारा कुठून कसा आला देव जाणे, सरळ गाडीसमोर उभा राहिला. ब्रेक करकचले. आतून कुणीतरी शिवी हासडली.

ड्रायव्हरने खिडकीतून मान काढली. "काका, मरायचंय का?"

"चष्मा काढ," म्हातारा म्हणाला. श्वास लागला होता, पण आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "उजवी काच चुकलीय. मी चुकवलीय. मला आता दिसत नाही."

कंट्रोलरची शिट्टी हातातच राहिली.

"काका," सून पुढे झाली, "काढण्याआधी डावा डोळा झाका आणि त्या खांबाकडे बघा."

ड्रायव्हरने डाव्या डोळ्यावर हात धरला. "खांबाला पदर सुटलेत."

तिने जुना चष्मा दिला. ओरखड्यांमधून त्याने पुन्हा बघितलं. खांब एकच दिसला.

"आत्ता गाडी लावताना भिंतीला घासली," तो म्हणाला. "मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं."

त्याने नवा चष्मा तिच्या हातात ठेवला, जुना नाकावर नीट बसवला. गाडी गेली. फाटकातून अगदी सरळ बाहेर पडली.

परतताना सासरे रस्त्याच्या कडेकडेने चालत होते. तिने दंड धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

"कधीपासून बाबा?"

"झाले बरेच दिवस. कळत होतं, वळत नव्हतं." मग थोडं थांबून, "तुझ्या नवऱ्याला एवढ्यात सांगू नकोस."

"सांगणार आहे."

ते चार पावलं चालले. "बरं," म्हणाले. "पण आधी ड्रायव्हरची काच करून ठेव. संध्याकाळी परत येईल तो."