मावशीची गृहभेट

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला क्षेत्रकार्य म्हणजे लोकांची दारं ठोठावणं. यंदा मात्र सगळं व्हिडिओवर. विद्यार्थ्याने एकट्या राहणाऱ्या माणसाशी बोलायचं, मॅडमनी कॅमेरा बंद ठेवून ऐकायचं आणि गाडी घसरली की फक्त त्यालाच दिसेल असा निरोप टाकायचा. आज भाच्याची पाळी होती. नापास झाला तर वर्ष पुन्हा. आणि ठरलेल्या आजोबांनी नेमका आजच फोन बंद करून ठेवला.

भाच्याने डोकं चालवलं. ज्या मावशीकडे तो राहत होता, तिलाच स्वयंपाकघरात दुसरा फोन देऊन बसवलं.

"एकटी बाई हो. थोडं रड, की सुटलीस."

"रडायला मला निमित्त लागत नाही, राजा," मावशी चष्मा पुसत म्हणाली.

कॉल लागला.

"नमस्कार काकू. कशा आहात?"

"कशी असणार, साहेब? घरात पाहुणा शिरलाय. महिनाभरासाठी म्हणून आला, आता मुळं फुटलीत त्याला."

भाच्याच्या कपाळावर घाम आला. "पण तुम्ही... एकट्या राहता ना?"

"एकटीच हो. स्वयंपाकघरात. खिडकीची खोली त्याला अभ्यासाला लागते, म्हणून माझी खाट फ्रिजशेजारी. रात्रभर नुसतं घुंघुं."

"पाहुण्याचं?"

"फ्रिजचं. पाहुणा घोरतो."

"अहो, दमत असेल बिचारा!"

टिंग. मॅडमचा निरोप आला: 'पाहुण्याची वकिली नको. ऐक.'

तेवढ्यात त्याच्या मांडीवरचं मांजर उडी मारून दाराबाहेर पळालं आणि क्षणात पडद्यावर मावशीच्या चौकटीत शेपूट ताठ करून हजर झालं. भाच्याने डोळे मिटले.

टिंग. 'मांजर गोड आहे. चालू दे.'

आता माघार घ्यावी तर चोरी कबूल, पुढे जावं तर आपल्याच पायावर धोंडा. शेवटी त्याने वर्गात घोकलेला प्रश्न काढला. "काकू, तुम्हाला काय हवंय?"

मावशीचा नाटकी सूर एकदम उतरला. "सकाळी त्या खिडकीत बसायचंय. उन्हात. पण बोलायचं कसं? पोरगं आपलंच. वाईट वाटेल त्याला."

भाच्याने शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही वाटणार."

या वेळी टिंग वाजलं नाही. मॅडमचा चेहराच पडद्यावर आला.

"माणूस खोटा आणलास, त्याचे गुण गेले. वकिली केलीस, त्याचेही गेले. पण शेवटचा प्रश्न विचारून उत्तर ऐकून घेतलंस. बुधवारी मी पुन्हा कॉलवर येते. काकू खिडकीत दिसल्या तर पास. फ्रिजशेजारी दिसल्या तर पुढच्या वर्षी भेटू."

कॉल संपायच्या आत भाच्याने खोलीतलं टेबल उचललं. ते दारातच अडकलं.

"सावकाश, राजा," खाटेवरून न उठता मावशी म्हणाली. "आणि मॅडमना विचार, बुधवारनंतरही येत जातील का. त्या खोलीला रंगही द्यायचाय."