डफडं खाली ठेवलं त्याची गोष्ट

सत्तावन्न सालच्या वैशाखात, ढाणकीजवळच्या आमच्या गावात पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. गावचं डफडं वाजल्याशिवाय नवरदेवाला शिवेच्या आत घ्यायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. अडचण एवढीच, की डफडं वाजवणाऱ्या उकंडानं आदल्या साली धम्म घेतला आणि डफडं कायमचं खाली ठेवलं. पाटलांनीही मग आपली पिठाची चक्की त्याच्या वस्तीला बंद केली.

गावात बी.ए. झालेला मास्तर मी एकटा, म्हणून समजूत घालायला मला पाठवलं. हा विषय आम्हाला कॉलेजात नव्हता.

उकंडाची बायको तुळसाबाई जात्याला टेकून बसली होती. तळहात फोडांनी भरलेले.

"एकदाच वाजव, उकंडाभाऊ," मी म्हणालो. "उद्यापासून चक्की सुरू. पाटलांनी कबूल केलंय."

"मास्तर, तुमी येवढे शिकले. सायबाच्या भाषेत आमच्यासाठी काई शबद हाय, का तिथंई जागा नाई?" उकंडानं विचारलं.

"आहे. पॅरिया. म्हणजे कोणालाच नको असलेला माणूस. साहेबानं तो शब्द तमिळ मुलखातून उचलला. तिकडं परै म्हणजे ढोल. तो वाजवणाऱ्यांच्या जातीला त्यावरूनच नाव पडलं."

"म्हंजे तेबी लोकायच्या लग्नात वाजवत?"

"लग्नात, मयतीत, सगळीकडे."

"पाह्य व तुळसा! ते वाजवून नको झाले, आमी सोडून नको झालो. मंग हात कायले दुखवू?"

"हात माह्ये दुखून राह्यले," तुळसाबाई म्हणाली. "तुमचं इंग्रजी होऊ द्या. हे जवारी कोन दळते?"

उकंडानं तिचे तळहात उलटून पाहिले. मला वाटलं, जमलं. पाटलांना काय सांगायचं तेही मनात जुळवलं.

"सरक," तो म्हणाला आणि जात्याशी बसला. आमच्या गावात पुरुष जात्याला हात लावत नाही. वस्तीतल्या बायका दारात येऊन हसू लागल्या. त्यानं खुंटा धरला.

"मग बी.ए. होऊन केलं काय तुम्ही?" पाटलांनी मला विचारलं.

नवरदेव शिवेवर उन्हात ताटकळला. व्याह्यांनी विचारलं, "गावात मयत झाली का कोनाची?" शेवटी त्याला तसाच, मुकाट्यानं आत आणला. लग्न लागलं. चक्की त्या वस्तीला बंदच राहिली.

उकंडा अजून दळतो. पीठ जाडंभरडं पडतं, भाकर थापताना चिरते. तुळसाबाई कुरकुरते आणि दुसरी थापायला घेते.