अकराच्या अकरा

"मॅडम, इकडे कॅमेऱ्यात बघा आणि फक्त एकदा 'आहे' म्हणा. हसून."

ओळंबा हसली नाही, पण 'आहे' म्हणाली. कॉलेजच्या माजी विद्यार्थी कक्षातल्या मुलीने मोबाइल खाली घेऊन पाहिलं आणि पुन्हा वर धरला. तिसऱ्या खेपेला मागे गॅसवर दूध उतू गेलं, तेही चित्रात आलं. मुलगी म्हणाली, असू दे, घरगुती वाटतं.

भिंत सरळ आहे की नाही हे बघायला गवंडी दोरीला बांधलेलं वजन सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. स्थापत्य पदविकेच्या एकेचाळीस जणांच्या वर्गात ती एकटीच मुलगी. ताठ चालायची आणि तोंडावर खरं बोलायची, म्हणून हे नाव पडलं. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं नोकरी झाली, नवरा गेला, गुडघे गेले, नाव मात्र टिकलं. वर्गातल्या सगळ्यांचं तसंच. जो हुकूम सोडायचा तो मुकादम, जो भांडणं लिंपून गुळगुळीत करायचा तो गिलावा आणि ज्याचा आवाज खोल जमिनीखालून यायचा तो तळघर.

"रविवारी सत्काराच्या आधी सगळ्यांचं एकापाठोपाठ एक 'आहे' पडद्यावर येणार," मुलगी उत्साहाने सांगत होती. "बाकीच्या बॅचना कळू दे, कॉलेज सुटल्यावरही एकमेकांसाठी काय करता येतं ते. दहा व्हिडिओ झाले. फक्त तळघर सर राहिलेत. गिलावा सर म्हणाले, ते मुलीकडे गेलेत. पण फोन बंद लागतोय. तुमच्याशी बोलतात ना रोज?"

"हो."

"आज सकाळी?"

"झालं की बोलणं," ओळंबा म्हणाली आणि गॅस पुसायला वळली.

मुलगी गेल्यावर तिने तळघराचा नंबर लावला. बंद. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. बंद. मग तिने पायात चपला सरकवल्या.

फोनची ही साखळी मुकादमानेच सुरू केली होती. गावात एकेकटे राहणारे अकरा वर्गमित्र, सगळे सत्तरी गाठलेले. सकाळी सातला मुकादम ओळंब्याला फोन करायचा, ओळंबा तळघराला, तळघर गिलाव्याला आणि असं करत अकरावा माणूस मुकादमाला. ज्याला फोन आला त्याने 'आहे' म्हणायचं. ज्याचा फोन उचलला गेला नाही, त्याच्या घरी आधीच्याने धावायचं. एवढाच नियम. पहिल्या वर्षात त्यामुळे दोघांचे जीव वाचले, ही काही थापेबाजी नव्हती.

मग कॉलेजला कळलं. सेवा सन्मान जाहीर झाला आणि मुकादमाच्या अंगात आलं. साखळी किती मिनिटांत पूर्ण होते ते तो रोज ग्रुपवर टाकू लागला. 'आज चोपन्न मिनिटं. अकराच्या अकरा ठणठणीत.' दुसऱ्या दिवशी, 'एकावन्न. कोण रेंगाळतंय?' कोण रेंगाळतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तळघराची बायको गेल्यापासून त्याला सकाळी बोलायला माणूस लागायचं. 'आहे' म्हणून झालं की तो न्हाणीघराच्या भिंतीतल्या ओलीपासून सुरू करायचा आणि अर्ध्या तासाने पायऱ्यांच्या उंचीवर यायचा. ओळंब्याच्या कानाला फोन, एका हातात झारा आणि तिकडे मुकादमाचा ग्रुपवर बोंबा मारण्याचा कार्यक्रम. पाच आठवड्यांपूर्वी ती म्हणाली होती, "तळघर, तू नुसतं 'आहे' म्हण आणि ठेव. तुझ्या भिंतीपायी आम्ही दहा जण ताटकळतो."

मग तो म्हणाला, "मग करूच नकोस फोन."

"नाही करत."

दुसऱ्या दिवशी तिने सरळ गिलाव्याला फोन लावला. तळघर मुलीकडे गेलाय, महिना-दोन महिने, तोवर मीच तुला करते, म्हणून सांगितलं. गिलाव्याने बरं म्हटलं. त्या दिवशी साखळी अडतीस मिनिटांत पुरी झाली आणि मुकादमाने फटाक्यांची चित्रं टाकली. तळघर दोन दिवसांत रुसवा सोडून देईल, मग पुन्हा सुरू करू, असं तिने ठरवलं होतं. दोन दिवसांचे चार झाले. मग स्वतःहून फोन करायची लाज वाटायला लागली, आणि लाज एकदा घरात शिरली की बिऱ्हाडच करते.

तळघराच्या इमारतीचा जिना तिने दोनदा थांबून चढला. तिसऱ्या मजल्यावर दाराला कुलूप नव्हतं, बेल वाजत होती, आत कोणी हलत नव्हतं. तिने वाकून दाराच्या फटीला नाक लावलं. आपण काय हुंगतोय हे ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली.

"कोण हवंय?"

समोरच्या दारात गळ्यात टेप टाकलेली बाई उभी होती. मागे शिलाई मशीन आणि कपड्यांचे ढीग दिसत होते.

"मी यांच्या वर्गातली. हे... बरे आहेत ना?"

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?" शिवणवाली बाई म्हणाली. "दवाखान्यात आहेत. न्हाणीघरात पडले, मांडीचं हाड मोडलं. मुलगी आलीय, ती आत्ताच डबा घेऊन गेली. बसा तुम्ही, पांढऱ्याफटक पडलात."

ओळंबा बसली नाही.

"कधी पडले?"

"मागच्याच्या मागच्या शुक्रवारी सकाळी. मला कळलं शनिवारी दुपारी. पँट आखूड करायला दिली होती, दुपारी दोनला नेतो म्हणाले होते. वेळेचा पक्का माणूस. अडीच झाले तेव्हा मीच जाऊन दार वाजवलं. आत नळ वाहत होता." बाईने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं. "दीड दिवस माणूस समोर पडून होता आणि मी इथे मशीन चालवत होते. त्या आवाजात काय ऐकू येणार? पण तुम्ही हे मुलीला सांगू नका हं. त्यांनी शपथ घातलीय मला."

ओळंब्याने जिन्यातच ग्रुप उघडला. मागच्याच्या मागचा शुक्रवार. 'सदतीस मिनिटं. नवा विक्रम. अकराच्या अकरा ठणठणीत.' खाली टाळ्या. त्यात तिचीही टाळी होती.

दवाखान्यात सहा खाटांची खोली होती. तळघर खिडकीजवळच्या खाटेवर, दाढी वाढलेली, पाय दोन उशांवर. तिला बघून तो दचकला आणि आधी दाराकडे बघितलं.

"मुलगी औषधं आणायला गेलीय. बस लवकर."

"तुझा फोन बंद का?"

"मीच बंद ठेवलाय. तुमच्यापैकी कोणीतरी करायचा आणि नेमका तिनेच उचलायचा."

ओळंबा स्टुलावर बसली.

"तळघर, मी गिलाव्याला सांगितलं होतं, तू गावाला गेलायस म्हणून."

"असं होय." तो छताकडे बघत राहिला. "मी विचारच करत होतो. तू फोन बंद केलास, मग मीही गिलाव्याला बंद केला. म्हटलं, आता साखळी तुटेल, येतील सगळे समजूत काढायला. मुकादम तरी येईलच शिव्या घालत. चांगला चहा आणून ठेवला होता. आठवडा झाला, दुसरा झाला. कोणी येईना. म्हटलं, बघू तरी किती दिवस चालतं यांचं माझ्यावाचून." तो जरासा हसला. "चाललं की."

"चुकलं माझं," ती म्हणाली. डोळे भरून आले ते तिने पदराने खसकन पुसले. "फार मोठं चुकलं."

"ते नंतर. आधी ऐक." त्याने तिचं मनगट धरलं. हात गरम होता. "मुलीला सांगितलंय की तुम्ही लोकांनीच मला शोधलं. सकाळी फोन उचलला नाही आणि दहा मिनिटांत धावत आलात, असं. नाहीतर ती मला तिच्याकडे घेऊन जाईल. चौदाव्या मजल्यावर घर आहे तिचं, दिवसभर दोघं नोकरीवर. मी तिथे काय करू? घर विकायचं म्हणतेय. तेवढं निभावून ने."

"मी खोटं बोलू?"

"पाच आठवडे बोलतेयस. आणखी पाच मिनिटं बोल."

ओळंबा उत्तर देणार तेवढ्यात मुलगी आत आली. चाळिशीची, वडिलांसारखंच रुंद कपाळ, डोळ्यांखाली जागरण. वडिलांनी ओळख करून दिली तशी तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि ओळंब्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"मावशी, तुमच्याबद्दल किती ऐकलंय. कॉलेजला पत्र लिहिणार आहे मी. डॉक्टर म्हणाले, बाबांच्या वयाला असं पडल्यावर वेळ फार महत्त्वाचा असतो. तुम्ही नसतात तर..."

ओळंब्याने हात सोडवून घेतले नाहीत, सोडवायला हवे होते असं मात्र तिला वाटत राहिलं.

"सोमवारी मला परत जायचंय," मुलगी म्हणाली. "हे यायला तयार नाहीत. सकाळ-संध्याकाळ बाई लावीन, पण मधला वेळ आणि रात्र? म्हणतात, साखळी आहे. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय, मावशी. तुमच्या भरवशावर ठेवू ना यांना इथे?"

तळघर बघत होता. त्या नजरेत विनवणी होती आणि थोडा धाकही. ओळंब्याला तिच्या स्वतःच्या रिकाम्या घराची आठवण झाली, आपल्याला कोणी चौदाव्या मजल्यावर नेऊन ठेवलं तर काय होईल याची. 'हो' म्हणायला काय लागतं? माणूस आपल्या घरी जाईल, उद्यापासून ती रोज तासभर बोलेल, रविवारी पडद्यावर अकराच्या अकरा 'आहे' येतील. सगळ्यांचं सगळं नीट होईल. आणि पुन्हा एखाद्या शुक्रवारी साखळी सदतीस मिनिटांत पुरी होईल.

"नको ठेवूस," ती म्हणाली.

"ओळंबा!" तळघर खेकसला.

"त्या दिवशी मी त्याला फोन केलाच नव्हता. आधीचे तीन आठवडेही नाही. आम्ही भांडलो होतो आणि मी त्याला गाळून पुढच्याला फोन लावत होते. दहा मिनिटांत कोणी गेलं नाही. आमच्यापैकी तर कोणीच गेलं नाही. समोरच्या शिवणवाल्या बाई गेल्या."

मुलीने हात काढून घेतले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला.

"मग किती वेळाने?" तिने विचारलं. मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, किती वेळाने?"

तळघराने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. तसाच तो म्हणाला, "दुसऱ्या दिवशी दुपारी."

मुलगी खाटेच्या कडेवर बसली. वडिलांच्या पायावरची चादर ती उगाचच सारखी करत राहिली. ओळंब्याला वाटलं आपण जावं, पण उठता येईना.

"दीड दिवस," मुलगी म्हणाली. "काय करत होतात तुम्ही, बाबा?"

"हाका मारत होतो."

"कोणाला?"

"हजेरी घेत होतो." तो अजून भिंतीकडेच बघत होता. "आमच्या वर्गाची. नंबरवार. एकापासून एकेचाळीसपर्यंत, गेलेल्यांचीही नावं घेतली. डोळा लागू नये म्हणून. संपली की पुन्हा एकापासून. आवाज होता तोवर मोठ्याने, मग मनात."

"माझा एकतीस," ओळंबा म्हणाली. आपण का बोललो ते तिलाही कळलं नाही.

"माहीत आहे," तळघर म्हणाला. "एकतीसला मी दर वेळी जरा थांबायचो."