ढवळी जिथे उभी राहते

मी पोशीरच्या चंद्राबाईंचा कोंबडा. आज आरवत नाही, बोलतोय. आरवून पाहिलं, कुणी ऐकलं नाही.

माझा जन्म कोंडाण्याचा, चंद्राबाईंच्या माहेरचा. आई आणि आम्ही पाच पिल्लं एकाच डालग्यातून पोशीरला आलो. ते लढाईचे दिवस होते. गिरणीला तेल मिळत नव्हतं, म्हणून गावातल्या बायका पुन्हा घरीच भात कांडू लागल्या होत्या. या कांडण्यानंच माझं वाटोळं केलं आणि त्यानंच मला वाचवलं.

लहानपणी आमची शाळा म्हणजे आईची चोच. ती टोचेल तिथे आम्ही टोचायचं, ती ज्या किड्याला सोडेल त्याला आम्ही सोडायचं. माझ्या एका भावानं स्वतःच्या मनानं एक भुंगेरा गिळला आणि तो संध्याकाळपर्यंत राहिला नाही. म्हणून दुसऱ्याचं बघून वागणं वाईट, असं मी म्हणत नाही. पण त्याला काही सुमार?

वर्षभरात माझा तुरा ताठ झाला, गळ्याची पिसं उन्हात पितळेसारखी चमकू लागली. दाणा दिसला की आधी कोंबड्यांना हाक मारायची, घार दिसली की ओरडायचं, ही सगळी कामं मी नेमानं करत होतो. आणि कोंबड्या कुठे? शेजारच्या हिरूच्या अंगणात, पडक्या तुऱ्याच्या त्या आळशी कोंबड्याभोवती!

मी तीन दिवस कुंपणावर बसून पाहिलं. सगळ्यांत थोरली ढवळी त्याच्याजवळ उभी असे. पण ती त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. हिरू आणि चंद्राबाई ज्या उखळात भात कांडायच्या ते हिरूच्या दारात होतं. मुसळाच्या घावासरशी कणी उडायची. ढवळी कणीसाठी यायची आणि तो तिथे सावलीत नुसता लोळत असायचा. बाकीच्यांना दिसे ते एवढंच, की ढवळी त्याच्याजवळ आहे. मग दुसरी गेली. तिला बघून तिसरी. मी घसा फुटेस्तोवर ओरडत होतो, "अगं, कणी! कणीसाठी उभी आहे ती!" कोण ऐकतंय?

बघता बघता गावभर पडक्या तुऱ्याची पिल्लं दिसू लागली.

माणसं तरी शहाणी असतील असं वाटलं होतं. एक दिवस गावातली सुंदरा पदर पसरून हिरूच्या दारात आली. "हिरू, तुज्या कोंबड्याची अंडी दे गं उबवायला."

"काय बगितलंस गं त्याच्यात?" हिरूनं हसत विचारलं.

"मी कशाला बगू? सगळी नेतात, म्हंजे चांगलाच आसंल."

मी कुंपणावर चोच आपटली.

खोटं कशाला बोलू, माझ्याकडे एक यायची. तांबू, एका पायानं लंगडी. मी हाक मारली की यायची, डोकं तिरकं करून मला नीट न्याहाळायची आणि उभी राहायची. मला तिचा वैताग येई. तिच्यामागे दुसरा एकही कोंबडा नव्हता. मला ढवळी हवी होती. मी तांबूला टोचून हाकलायचो. पुढे ती अंड्यांवर बसली. एकवीस दिवस हलली नाही. एकही अंडं फुटलं नाही.

चैत्रात गावदेवीची जत्रा जवळ आली. चंद्राबाईंनी मला सुतळीनं खुंटीला बांधलं.

"ह्या ताठ्याकडं एक कोंबडी फिरकत नाय. देवीला ह्योच," त्या म्हणाल्या.

"रूप हाय गं, मावशे," हिरू म्हणाली.

"रूप काय चाटायचंय?"

जत्रेला आठ दिवस उरले आणि हिरूचं उखळ तडकलं. चंद्राबाईंच्या नवऱ्यानं, सहदेवानं, नवं उखळ आमच्या अंगणात पुरलं, नेमकं माझ्या खुंटीशेजारी. सकाळी मुसळं सुरू झाली. ढवळी आली, कणी टिपू लागली. दुपारपर्यंत दुसरी आली, तिसरी आली. चौथ्या दिवशी माझ्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती.

"अगं बया!" चंद्राबाईंनी मुसळ थांबवलं. "सगळ्या ह्याच्याकडं कशा?"

"म्हंजे त्याच्यात कायतरी हाय," हिरू म्हणाली.

"आसनारच. मी म्हनलंच नव्हतं?"

काय बोलावं या बाईला! पण तिनं सुतळी सोडली, म्हणून मी गप्प राहिलो. "आता माज्या त्याच्याकडं कोन जातंय?" म्हणत हिरूनं आपला पडका तुरा देवीला दिला.

त्या जत्रेला कर्जतहून व्याही जेवायला आले. "ही नायतरी रिकामीच बसती," म्हणत चंद्राबाईंनी तांबूला उचललं. ती काखेतून डोकं तिरकं करून माझ्याकडे बघत गेली. मी ढवळीच्या मागे होतो.

आज अंगणभर ताठ तुरे आहेत. सुंदरा आता माझी अंडी नेते. ढवळी म्हातारी झाली, ऊन असेल तिथे झोपते. काल ती एका लुळ्या पंखाच्या कोंबड्याशेजारी झोपली, आणि आज माझ्या चार मुली त्याच्याभोवती उभ्या आहेत. मी ओरडलो. पण कुणाला रागवू? या अंगणात ढवळीचं बघून चालणाऱ्यांचीच पोरं आहेत, आणि त्यांचा बाप मीच आहे. जिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघून मला निवडलं, तिचं एकही पिल्लू इथे नाही. तिची अंडी रिकामी राहिली ती माझ्यामुळे.

तुमच्या दारात कुणी डोकं तिरकं करून एकटंच उभं राहिलं, तर त्याच्यामागे आणखी कितीजण आहेत ते मोजू नका. त्याला हाकलू नका.