बाई काही बोलल्या नाहीत

डॉक्टर असलेल्या बाईंनी वस्तीतल्या दोन खोल्यांत एचआयव्हीच्या लसीचं संशोधन केंद्र मांडलं, तेव्हा लोक त्यांना दारातूनच वाटेला लावत. धडधाकट माणसाला सुई कशाला, असा सगळ्यांचा सवाल. शेवटी वस्तीच्या समितीचे अध्यक्ष पुढे झाले आणि त्यांनी लसीच्या चाचणीसाठी पहिलं नाव आपल्याच बायकोचं दिलं. अध्यक्ष बोलघेवडे खरे, पण त्यांच्या शब्दाला वजन होतं. मग माणसं येऊ लागली.

अध्यक्षांची बायको शिवणकाम करायची. एका तपासणीत तिचा निकाल वाईट आला, तरी बाई डगमगल्या नाहीत. या लसीमुळे साधी तपासणी कधीकधी फसते, अंगात विषाणू नसतानाही आहे म्हणते. म्हणून त्यांनी खुद्द विषाणूच शोधणारी दुसरी तपासणी केली.

विषाणू होता.

लसीत तर तो नसतोच. मग आला कुठून, हे तिला समजावावं लागलं नाही. "घर आणि मशीन सोडून माझा कुठे पाय नाही, बाई," ती म्हणाली. "मी घरी सांगितलं. ते म्हणतात, लसीनंच झालं. तसंच राहू द्या. खरं काढलं तर ते मलाच घराबाहेर काढतील."

"औषध घेशील?"

"घेईन. पण तुम्ही तोंड उघडू नका."

त्याच आठवड्यात भरल्या सभेत अध्यक्ष कडाडले, "माझ्या घरात या लसीनं आजार आणला. खोटं असेल तर बाईंनी सांगावं." बायको शेजारीच मान खाली घालून बसली होती. या माणसाची जीभ कशी अडखळली नाही, देव जाणे.

"लसीत विषाणू नसतो," बाई म्हणाल्या. "कुणाच्या तपासणीबद्दल मी बोलणार नाही."

"चोराच्या मनात चांदणं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सभा हसली. बाईंना रडू येत होतं, रागही येत होता. दोन्ही गिळून त्या खाली बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून केंद्रात चिटपाखरू फिरकेना. "असं मूग गिळून किती दिवस बसायचं?" नर्स चिडली. "एकदा सांगून मोकळ्या व्हा."

"सांगितलं तर इथे कोण येईल?"

"आत्ता तरी कोण येतंय?"

बाईंनी समोरची कोरी वही मिटली. केंद्र बंद करायचंच त्यांच्या मनाने घेतलं होतं.

एका दुपारी मागच्या दाराने अध्यक्ष आत आले. बसा म्हटलं तरी बसेनात. "मला तपासा," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तिला कळू देऊ नका. वस्तीला तर नाहीच."

बाईंच्या जिभेवर काय काय आलं. पण त्यांनी एवढंच विचारलं, "त्या दिवशी सगळ्यांसमोर मला कशाला आव्हान दिलंत?"

अध्यक्षांनी मागचं दार ओढून घेतलं.

"तुम्ही बोलणार नाही, हे मला माहीत होतं."

बाईंनी हातमोजे चढवले आणि त्यांना बाही वर करायला सांगितली.