आंबिलीची चरवी

मित्रांनो, माझं पोट पितळेचं आहे आणि गळा अरुंद. नाथाजींच्या आईने कराडच्या बाजारातून मला आणलं, तेव्हापासून मी या घरची चरवी. माझं काम वर्षातून महिनाभरच असायचं, पण त्या महिन्यात माझ्यावाचून कुणाचं चालत नसे. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची काढणी सुरू झाली की मला आंबिलीने भरून रानात न्यायचे. ज्वारीचं पीठ रात्री भिजवून आंबवायचं, सकाळी शिजवायचं, गार झालं की ताक, मीठ, लसूण घालायचा. ही झाली आंबील. उन्हात शाळू उपटणाऱ्या माणसाला तिच्यासारखा थंडावा नाही.

जेवायला सगळे लिंबाखाली बसत. घरची माणसं, शिवाय पैऱ्याने आलेल्या बाया. पैरा म्हणजे आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही. फडक्यातल्या भाकरी, मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा, आणि मधोमध मी. आमच्या रानात रीत अशी, की पहिली वाटी सगळ्यांत लहानाची. कितीतरी वर्षं ती नाथाजींच्या मुलीची, शिवांजलीची होती. ती वाटी दोन्ही हातांनी धरायची, पिऊन झालं की वरच्या ओठावर पांढरी मिशी. पैऱ्याला येणारी बनुबाई म्हणायची, "आला बघा आमचा फौजदार." सगळे हसायचे. मला वाटायचं, हे असंच चालणार.

पुढे स्टीलचे डबे आले, थंड पाण्याचे जार आले. मला माळ्यावर ठेवलं. बारा वर्षं मी तिथे होते. शिवांजली शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली.

या फाल्गुनात ती चार वर्षांच्या सृष्टीला घेऊन माहेरी आली. आपण लहानपणी जेवलो तसं लेकीनेही एकदा रानात जेवावं, एवढीच तिची इच्छा. आई-वडील पहाटेच रानात गेले होते. तिने शिडी लावली आणि मला खाली काढलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू.

शिवांजली फार जपणारी आई आहे. सृष्टीचं पाणी उकळून, द्राक्षं मिठाच्या पाण्यात धुऊन, शिंक आली की कपाळाला हात. तिने मला बाहेरून चिंचेने घासलं. मग आत डोकावली. आत करडा-पांढरा थर होता. "शी, किती बसलंय हे," म्हणाली, आणि तारेची घासणी घेऊन हात आत घातला. मी अरुंद गळ्याची, तिचं मनगट खरचटलं, तरी ती थांबेना. तासाभराने मी आतूनही सोन्यासारखी पिवळी झाले.

मित्रांनो, तो मळ नव्हता. ती माझी कल्हई होती. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा पांढरा लेप देतात, तिला कल्हई म्हणतात. ती असेल तरच माझ्यात आंबट ठेवता येतं. नसेल तर पितळ आंबटात उतरतं, अन्न कळकतं, म्हणजे विषारी होतं. माझी आधीच झिजली होती. उरलीसुरली तिने मायेने घासून काढली.

नऊ वाजता तिने आईने शिजवून ठेवलेली आंबील माझ्यात ओतली. एक वाजेपर्यंत ती माझ्या उघड्या अंगाला लागून होती. मला कळत होतं काय होतंय ते. पहिली वाटी कुणाची, हेही मला माहीत होतं. पण चरवीला ओरडता येत नाही.

लिंबाखाली सगळे बसले. शिवांजलीने वाटी भरली, सृष्टीच्या हातात दिली. सृष्टीने दोन घोट घेतले आणि तोंड वाकडं केलं.

"आई, पैशासारखं लागतंय."

"पैसे कधी खाल्लेस गं तू?" बनुबाई हसली.

शिवांजलीने वाटी घेऊन स्वतः चाखली. "जरा तुरट लागतंय खरं. ताक आंबट होतं का गं आई?"

रंगुबाई, तिची आई, भाकरी मोडता मोडता थांबली. तिने मला उजेडाकडे कलतं केलं आणि आत पाहिलं.

"हे आतनं कुणी घासलं?"

"मीच. पांढरं पांढरं बसलं होतं."

"आगं, ती कल्हई हुती." रंगुबाईने वाटी हिसकावून मातीत ओतली. "कुणी पिऊ नगा गं. कळकलंय."

थोड्याच वेळात सृष्टीला उलटी झाली. मग दुसरी. नाथाजींनी गाडी काढली, शिवांजली लेकीला छातीशी धरून मागे बसली, मलकापूरच्या दवाखान्याकडे निघाले. जाता जाता नाथाजी म्हणाले, "त्या चरवीला मोडीत घाला आदी."

मी पालथी पडून होते. माझ्यातून आंबील ढेकळांत जिरत होती. बायांनी कोरडी भाकरी खाल्ली. त्या दुपारइतकी लांब दुपार मी पाहिली नाही. माळ्यावरची बारा वर्षं तिच्यापुढे काहीच नव्हती.

ऊन कलल्यावर गाडी आली. सृष्टी खाली उतरून मांजरामागे पळाली, तेव्हा मला कळलं, ती बरी आहे. डॉक्टर म्हणाले होते, फार गेलेलं नाही, उलटून पडलं ते बरं झालं.

"मोडीत कशापायी?" रंगुबाई नाथाजींना म्हणाली. "आवं, चरवीचा काय गुन्हा? हिला सांगायचं ऱ्हाईलं आपलंच."

चौथ्या दिवशी कल्हईवाले निजामचाचा आले. पूर्वी ते भाता घेऊन गावोगाव हिंडत. आता कुणी बोलवत नाही, म्हणून मलकापुरात गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. त्यांनी मला तापवलं, नवसागर टाकला, कथील फिरवलं, कापसाच्या बोळ्याने पुसलं. मी आतून पुन्हा पांढरी झाले. शिवांजली पूर्ण वेळ धुरात बसून होती.

"ताई, बाहिरनं घासा हवं तेवढं," चाचा म्हणाले. "आतनं नुसतं पानी आन् फडकं."

"किती दिवस टिकेल?"

"वर्सभर. पिवळं दिसाय लागलं की मला फोन करा. न्हाईतर लेकरू मला फोन करंल, पैशासारखं लागतंय म्हणून."

शिवांजलीला हसू आलं नाही.

काढणीच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा लिंबाखाली होते. शिवांजलीने माझ्यात तीनदा डोकावून पाहिलं. मग वाटी भरून स्वतः प्यायली. आपल्याला काही होतंय का, हे बघत बसली. दुसरी भरली. सृष्टीने हात पुढे केले. शिवांजलीने वाटी धरली होती, पण तिची बोटं सुटेनात.

"ऱ्हाऊ दे गं," रंगुबाई हळूच म्हणाली. "फुडच्या सुगीला पील."

सगळ्यांत लहानाची ती वाटी त्या दिवशी कुणीच प्यायली नाही.

मला राग आला नाही, मित्रांनो. लेकराच्या बाबतीत एकदा धसका बसला की तो कथलाच्या एका लेपाने जात नाही. मी वर्षभर थांबेन. तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं भांडं माळ्यावर असेल, तर ते जरूर खाली काढा. पण घासणी हातात घेण्याआधी घरातल्या जाणत्या माणसाला एवढं विचारा, की यातलं काय काढायचं आणि काय ठेवायचं.