जांभळीखालची जागा

लोक मला भांडकुदळ म्हणतात ते काय खोटं नाय. हायच मी. पण त्या साली आंबेनळीच्या घाटात जांभळीखालच्या जागेसाठी भांडले ती काय हौस म्हणून नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.

घाटाचा रस्ता मोटारींसाठी रुंद करायचं काम निघालं होतं. भाताची झोडणी आटपली की आम्ही डोंगरातली माणसं खडी फोडायला जायचो नि पाऊस लागेपर्यंत तिथंच खोपटं घालून राहायचो. माझा नवरा हैबती मुंबईला गिरणीत होता. घरी मी आणि सासू बयाबाई. सासूला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिला गावी, उमरठला, एकटी कशी ठेवू? नेली बरोबर.

जांभळीखालची जागा मी पहिल्याच दिवशी धरली. वर सावली आणि झरा वीस पावलांवर. खोपटाच्या मेढीपासून झऱ्याकाठच्या झाडापर्यंत काथ्याची दोरी ताणून बांधली. सासू दोरीला धरून जायची, कळशी भरून आणायची, वर चार भाकऱ्या थापून ठेवायची. मी दिवसभर बिनघोर खडी फोडायची. बाकी सगळी वस्ती ओहळापलीकडं, उतारावर. तिथून पाण्याला जायचं तर डोळसाचा पाय मुरगळेल अशी वाट. तिथं राहावं लागलं असतं तर सासूपाशी मलाच बसून राहावं लागलं असतं. मग खडी कोण फोडणार नि पावसाळ्यात आम्ही दोघी खाणार काय?

माघात सांगावा आला, सासूचा भाऊ वारला. ‘‘बाराव्याला मला ने गो,’’ म्हातारी म्हणाली. नाय कसं म्हणू? पाठचा भाऊ तिचा. जाऊन येऊन चार-पाच दिवस मोडणार होते. मी मुकादमाकडं गेले. महिपत नाव त्याचं.

तो म्हणाला, ‘‘ठकूबाई, रिकामी जागा मी राखत नाय. महाडाकडनं नव्या टोळ्या येतायत. जो राहील त्याची जागा.’’

आदल्या आठवड्यात एकजण जागा राखायला मडकं मांडून गावी गेला होता. परत आला तर मडकं ओहळात आणि त्याच्या जागेवर दुसऱ्याची चूल पेटलेली. पाहिलं होतं मी ते.

मग मी डोकं चालवलं. माझी एक कोंबडी खुडूक झाली होती. खोपटाच्या कोपऱ्यात पाटी ठेवली, खाली पेंढा, अकरा अंडी, नि तिला बसवली वर. मडकं कोणीही उचलून फेकतो. पण अंड्यांवर बसलेली कोंबडी हलवायला आमच्यातली कुठली बाई धजेल? अंडी वाया जातात, तळतळाट लागतो. आणि बायको हलवत नाय म्हटल्यावर नवरा काय करणार, कपाळ? ओहळापलीकडच्या बनुबाईला सांगितलं, ‘‘दिसातनं एकदा मूठभर नाचणी नि पाणी ठेव.’’ आणि आम्ही दोघी निघालो.

पाचव्या दिवशी दुपारी परतलो, तर माझ्या खोपटातनं धूर येत होता.

सासूचा हात सोडला नि जी सुटले ती थेट दारात. ‘‘कोण गो ती भवानी? दुसऱ्याच्या घरात शिरताना लाज नाय वाटली? ऊठ, नायतर झिंज्या धरून काढीन!’’ आणखी पण बरंच बोलले, ते इथं सांगण्यासारखं नाय. दाराशी एक पोरगा हात जोडून उभा होता, पांडू त्याचं नाव. बनुबाई पळत आली नि मला आडवी झाली.

‘‘ठके, गप गो. ह्याची बायको बाळंतीण हाय आत. टोळीबरोबर चालत येत होती, वाटेतच कळा लागल्या. तुझंच खोपटं पाण्याजवळ होतं, मीच आणून निजवली. काल पहाटे पोरगी झाली.’’

मी आत वाकून बघितलं. सतरा-अठरा वर्षांची पोर, चंद्राबाई, भिंतीला चिकटून पडली होती. कोंबडी कोपऱ्यात जशीच्या तशी. तिला धक्का लागू नये म्हणून ही बया कळा येत असताना अंग चोरून दुसऱ्या कडेला पडली होती म्हणे. माझा राग निम्मा तिथंच उतरला, पण निम्मा होताच. बाळंतीण बारा दिवस हलवायची नाय. बारा दिवसांनी जागा माझी राहील?

माझा आवाज ऐकून महिपत आलाच. त्यानं आत बघितलं, पांडूकडं बघितलं.

‘‘झालं तर मग. ही राहतायत, जागा पांडूची झाली. ठकूबाई, तू तुझं सामान ओहळापलीकडं ने.’’

सासू तोवर चाचपडत येऊन दोरी शोधत होती. तिला दोरी सापडली, ती हातात धरून ऐकत उभी राहिली. मी पदर खोचला. मला, ठकूबाईला हलवतो काय! पांडू खाली बघत होता. त्याला पण पाणी जवळ हवंच होतं की.

आतनं ती पोर बोलली. ‘‘मुकादम, जागा आमची नाय. मी बाळंतपणाला आलेय. माहेर हाय माझं हे.’’

गप्प राहिली असती तर जागा तिची होती.

महिपतनं माझ्याकडं डोळे बारीक करून बघितलं. ‘‘खरं का गो? मग मघाशी शिव्या कुणाला घालत होतीस?’’

‘‘धाकटी बहीण हाय माझी,’’ मी म्हटलं. ‘‘तिला नाय घालायच्या तर तुम्हाला घालू? पहिलटकरीण पोर, आधी कळवायचं नाय, चालत यायचं, शिव्या नायतर काय आरती ओवाळू?’’

लेक माहेरी बाळंतपणाला येते, ती काय माहेराची जागा घेऊन जात नाय. एवढं मुकादमाला पण कळत होतं. तो डोकं खाजवत निघून गेला.

रात्री विचारलं तिला, ‘‘तुझं खरं माहेर कुठं?’’ म्हणाली, ‘‘आई मी रांगत होते तेव्हाच गेली. चुलत्यानं वाढवलं, लग्न करून दिलं, नि परत येऊ नकोस म्हणाला.’’ सासूनं अंधारात हात पुढं केला नि तान्ह्या पोरीला मांडीवर घेतलं.

मग काय, सव्वा महिना ती आमच्याकडं. पाचवी पुजली, सासू नातीला न्हाऊ घालायची, मी बाळंतिणीला नाचणीची पेज करून घालायची. पांडू टोळीबरोबर जेवायचा आणि संध्याकाळी जावयासारखा दाराबाहेर बसायचा. खोपटात पाय ठेवायला जागा नव्हती. रोज एकदा तरी मी तिच्यावर खेकसायचे.

सव्वा महिन्यानं पांडूनं ओहळापलीकडं खोपटं घातलं, तेव्हा मी तिची ओटी भरली. महाडाहून खण नि नारळ आणवला. खोटं बहीणपण आहे असं तेव्हा कुठं आठवलं? पोरीला पदराखाली घेऊन ती चार पावलं गेली, थांबली, नि मला विचारते,

‘‘अक्का, माहेराहून निघताना मागं वळून बघायचं असतं का नसतं? मला कोणी सांगितलं नाय.’’

‘‘बघ गो,’’ मी म्हटलं. ‘‘वाटेल तेवढं बघ.’’

तिचं खोपटं हाकेच्या अंतरावर. तिथवर जाईतो ती सात-आठ वेळा तरी थांबली असेल.